मोरपंखीचे उघडे बीज

म्हैसूरहून हुणसूरकडे जाताना वाटेत येलवाल हे गाव लागते. त्या परिसरातील बागा असोत किंवा महाराष्ट्रातील शाळांची आवारे असोत, मोरपंखी हे झाड सर्वत्र परिचयाचे आहे. थुजा या नावानेही ओळखले जाणारे हे झाड मूळचे चीन-कोरियाकडील असून सायप्रसच्या कुळातील आहे. महाराष्ट्रातील मुले त्याची चपटी डहाळी 'विद्या' म्हणून पुस्तकात जपून ठेवतात. या डहाळीच्या टोकाशी काय घडते, हे मात्र क्वचितच कोणी पाहते.

मोरपंखीला फुले येत नाहीत. त्यामुळे फळेही धरत नाहीत. तिच्यावरील निळसर, शिंगे फुटल्यासारखी दिसणारी 'फळे' म्हणजे शंकू होत. आंब्याचे बीजांड फुलातील अंडाशयात बंदिस्त असते, तर मोरपंखीचे बीजांड उघड्यावर जन्मते. अशा वनस्पतींना अनावृतबीजी म्हणतात.

कोवळ्या शंकूत लहान खवले समोरासमोर जोडीने येतात. त्यांपैकी काहींच्या बगलेत एक किंवा दोन बीजांडे असतात. प्रत्येक बीजांड इवल्याशा सुरईसारखे असून त्याचे अरुंद तोंड बाहेरच्या बाजूस असते. (चीडाच्या शंकूत हेच तोंड आतल्या अक्षाकडे वळलेले असते.) परागणाच्या वेळी या तोंडावर एक स्वच्छ थेंब पाझरतो. येथे मधमाशीला बोलावणारा रंग नाही, गंधही नाही. सारी भिस्त वाऱ्यावर आणि या थेंबावर. नर शंकूंतून उडालेले परागकण थेंबात अडकतात. मग थेंब आत ओढला जातो आणि त्याबरोबर परागकणही बीजांडात पोहोचतात. थेंब पुसला गेला, तर तो पुन्हा पाझरू शकतो. पण ही मुदत थोड्या दिवसांची असते. तेवढ्यात पराग आला नाही, तर त्या बीजांडातून रुजणारे बी तयार होत नाही.

यानंतर खवले झपाट्याने फुगतात, त्यांच्या कडा एकमेकींना भिडतात आणि बीजांडे आत झाकली जातात. म्हणजे ज्याला 'उघडे बीज' म्हणावे, ते आयुष्याचा बराच काळ बंद दाराआडच काढते! फलनही याच बंद शंकूत, परागनलिकेच्या द्वारे होते. काही महिन्यांनी शंकू तपकिरी व कठीण होतो, वाळून उकलतो आणि पंख नसलेल्या बिया झाडाजवळच गळून पडतात. याच कुळातील जुनिपरचे खवले मात्र मांसल होतात. पक्षी ते खातात व बिया दूरवर नेतात.

कुंपणासाठी वारंवार छाटलेल्या मोरपंखीवर शंकू कमी दिसतात, कारण शंकू डहाळ्यांच्या टोकांवर येतात आणि कात्री नेमकी तीच टोके कापते.