सलाफहादाच्या मुली आणि आपले लोकप्रतिनिधी

शास्त्रपाठ : गणना २७:१-११, ३६:१-१२, यहोशवा १७:३-६
मननासाठी : नीतिसूत्रे ३१:८-९



ह्या महिन्याच्या अभ्यासासाठी आम्ही जो शास्त्रभाग घेतला आहे तो उपासनेत क्वचितच वाचला जातो. गणनेच्या पुस्तकात नावांच्या लांबलचक याद्या आहेत, आणि त्या आल्या की आपण पाने उलटतो. परंतु त्या याद्यांच्या मधोमध पाच बहिणी उभ्या आहेत. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा ही त्यांची नावे. त्यांनी एक अर्ज केला आणि इस्राएलाचा कायदा बदलला. विधिमंडळात किंवा संसदेत एखादे विधेयक आले की, “आपण काय करणार? ते मोठ्यांचे काम,” असे म्हणणाऱ्या आपल्या मंडळ्यांनी ह्या बहिणींपुढे थोडा वेळ बसावे, अशी आमची विनंती आहे.

१. त्या केव्हा बोलल्या?

सव्विसाव्या अध्यायात लोकांची मोजणी झाली. वचनदत्त देशाची वाटणी कोणत्या नियमाने करायची हेही तेथेच सांगितले आहे. वतन पुत्रांच्या नावाने जायचे होते. सलाफहाद रानात मरण पावला होता आणि त्याला पुत्र नव्हता. म्हणजे त्याचे नाव पुसले जाणार व त्याच्या मुली भूमिहीन होणार, हे उघड होते. अशा वेळी त्या पुढे आल्या. जमीन अजून वाटली गेली नव्हती. नियम नुकताच ठरत होता. वाटणी होऊन गेल्यावर रडत बसण्यापेक्षा वाटणीपूर्वी बोलणे त्यांनी पसंत केले. आजच्या भाषेत सांगायचे तर, विधेयक प्रलंबित असतानाच त्यांनी आपले म्हणणे मांडले.

२. त्या कोणापुढे व कशा बोलल्या?

त्या दर्शनमंडपाच्या दारापाशी गेल्या. मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सर्व मंडळी ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. घरात कुरकूर केली नाही, पाणवठ्यावर निंदा केली नाही. जेथे निर्णय होतो तेथे गेल्या. त्यांचे बोलणे तर एखाद्या चांगल्या अर्जाचा नमुनाच आहे. आपले वडील कोण, ते कोठे वारले, कोरहाच्या बंडात ते सामील नव्हते, त्यांना पुत्र नव्हता, म्हणून आम्हांला काय हवे; एवढेच त्या सांगतात. त्यात शिवीगाळ नाही, धमकी नाही, अतिशयोक्ती नाही. मोशेने ते प्रकरण परमेश्वरापुढे नेले, आणि त्या मुलींचे म्हणणे रास्त आहे असा निर्णय मिळाला. लक्षात घ्या, वतन केवळ त्या पाच जणींना मिळाले नाही. पुत्र नसलेल्या प्रत्येक घरासाठी तो नियम झाला.

३. दुसऱ्या बाजूचेही ऐकले गेले

छत्तिसाव्या अध्यायात त्यांच्याच मनश्शे वंशातील वडीलधारे येतात. ह्या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्ने केली तर जमीन आमच्या वंशातून जाईल, ही त्यांची अडचण. तीही ऐकली गेली आणि नियमाला जोड दिली गेली. म्हणजे देवाच्या लोकांमध्येदेखील कायदा एका बैठकीत पुरा झाला नाही. पुढे यहोशवाच्या काळात ह्याच बहिणी पुन्हा एलाजार व यहोशवा ह्यांच्यापुढे गेल्या आणि ठरलेले वतन मागून घेतले. कायदा झाला म्हणून त्या घरी बसल्या नाहीत.

४. आपल्याच घरातील एक धडा

आमच्या लहानपणी आमच्या मंडळीत एक बाई होत्या. आम्ही मुले त्यांना मावशी म्हणत असू. शब्बाथशाळेत त्यांनीच आम्हांला योसेफाची गोष्ट शिकवली. त्यांचे पती त्यांना टाकून परगावी निघून गेले होते आणि पुढे त्यांनी कधी चौकशी केली नाही. मावशी शिवणकाम करून दोन मुलांना वाढवीत होत्या. एका वकिलाने त्यांना सांगितले, “नुसते टाकून दिले म्हणून तुम्हांला घटस्फोट मिळणार नाही. नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करा.” परगावच्या माणसाचा व्यभिचार ह्या गरीब बाईने कसा सिद्ध करावा? मंडळीतील वडिलांनी त्यांना सांगितले, “बाई, सहन करा, वधस्तंभ वाहा.” आम्हीही मोठे झाल्यावर दुसऱ्यांना हेच सांगितले आहे, हे कबूल केले पाहिजे.

वकिलाचे म्हणणे खरे होते. ख्रिस्ती लोकांना लागू असलेला घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा. तो इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्याच्या धर्तीवर केलेला. पतीला पत्नीचा व्यभिचार तेवढा सिद्ध केला की पुरे होई. पत्नीला मात्र, काही विरळ कारणे सोडली तर, पतीच्या व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा दोन वर्षे टाकून देणे हेही सिद्ध करावे लागे. नुसता छळ किंवा नुसते टाकून देणे ह्यावर तिला फार तर विभक्त राहण्याचा हुकूम मिळे. जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिला तरी उच्च न्यायालयाने तो कायम करावा लागे. ज्या इंग्लंडाकडून हा कायदा आला त्याने १९२३ साली व्यभिचाराच्या बाबतीत पतिपत्नींना एकच माप लावले आणि १९३७ साली छळ व परित्याग ही स्वतंत्र कारणे मान्य केली. आपण मात्र जुनेच माप घेऊन बसलो.

विधि आयोगाने १९८३ साली आपल्या नव्वदाव्या अहवालात हे कलम बदलण्याची शिफारस केली. १९९५ साली केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यातील अन्यायाचा भाग रद्द ठरवला. १९९८ साली विधि आयोगाने पुन्हा अहवाल दिला. ह्या वर्षांत ख्रिस्ती महिलांच्या संघटनांनी व निरनिराळ्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी सरकारपुढे निवेदने मांडली. शेवटी २००१ साली संसदेने दुरुस्ती केली आणि ती ३ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आली. पतिपत्नींना समान कारणे मिळाली, परस्परसंमतीचा मार्ग उघडला, उच्च न्यायालयाच्या मंजुरीची अट गेली. (गोव्यातील वाचकांना हा कायदा लागू नव्हता. तेथील कुटुंबकायदा पोर्तुगीज काळापासून निराळा आहे.)

१८६९ पासून २००१ पर्यंत १३२ वर्षे. १९८३ च्या शिफारशीपासूनच मोजली तरी अठरा वर्षे. मावशींचे तारुण्य त्या अठरा वर्षांतच सरले. त्या काळात आमच्या मंडळीतून एकही पत्र खासदारांकडे गेले नाही.

येथे कोणी विचारील, “घटस्फोट सोपा करण्याची मागणी मत्तय १९ मधील प्रभूच्या शिकवणीला धरून आहे काय?” प्रश्न योग्य आहे. विवाह पवित्र आहे हे आम्ही मानतो आणि शिकवतो. परंतु पतीला एक माप व पत्नीला दुसरे, हे त्या शिकवणीत कोठे आहे? निरनिराळी वजने व निरनिराळी मापे ह्यांचा परमेश्वराला वीट आहे, असे नीतिसूत्रे २०:१० मध्ये आहे. कायद्यातील दुरुस्ती कोणाला घटस्फोट घ्यायला लावीत नाही. टाकलेल्या स्त्रीला ती केवळ दार उघडून देते.

५. पत्र केव्हा लिहावे?

कायद्याचे विषय राज्यघटनेत तीन सूच्यांत वाटलेले आहेत. संघसूचीतील विषय संसदेकडे, राज्यसूचीतील राज्य विधिमंडळाकडे, आणि समवर्ती सूचीतील दोघांकडेही. जमीन व पोलीस हे राज्याचे विषय. विवाह, वारसा व शिक्षण हे समवर्ती. म्हणून प्रथम विधेयक कोठे आहे ते पाहावे. संसदेतील विधेयकासाठी खासदार, विधिमंडळातील विधेयकासाठी आमदार.

पत्राला सर्वांत जास्त वजन असते ते मतदानापूर्वी बरेच आधी. २०१४ साली केंद्र सरकारने असे धोरण ठरवले की, मंत्रालयांनी विधेयकाचा मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. ते नेहमी पाळले जाते असे नाही, पण मसुदा प्रसिद्ध झाला तर तीच पहिली संधी. दुसरी संधी समितीची. १९९३ पासून संसदेत खात्यांशी निगडित स्थायी समित्या आहेत. विधेयक त्यांच्याकडे गेले की त्या बहुधा लोकांकडून लेखी सूचना मागवतात. समितीत पक्षादेश चालत नाही. सभागृहात मात्र, १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून, पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. तेव्हा मतदानाच्या आदल्या दिवशी खासदारांना गळ घालण्यात फारसा अर्थ उरत नाही. मसुदा व समिती ह्या टप्प्यांवर मात्र त्यांचे मन मोकळे असते.

राज्यात गती अधिक असते. बेळगावच्या वाचकांना आठवत असेल, डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन त्यांच्याच गावच्या सुवर्ण विधानसौधात भरले होते. धर्मांतरावर निर्बंध घालणारे विधेयक २१ तारखेला विधानसभेत मांडले गेले आणि २३ तारखेला संमत झाले. मधे एकच दिवस! पण विधान परिषदेची संमती राहिली होती. मे २०२२ मध्ये सरकारने वटहुकूम काढला आणि परिषदेने सप्टेंबर २०२२ मध्ये विधेयक संमत केले. म्हणजे विधानसभेपुढे दोन दिवस, पण परिषदेच्या सदस्यांना भेटायला जवळजवळ नऊ महिने होते. जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो कायदा रद्द करण्याचे ठरवले. परंतु मंत्रिमंडळाच्या ठरावाने कायदा जात नाही, त्यासाठीही विधेयकच लागते. कर्नाटक, महाराष्ट्र व तेलंगण येथे विधान परिषद आहे. गोवा, मध्य प्रदेश व गुजरात येथे एकच सभागृह आहे, म्हणून तेथे दुसरी संधी मिळत नाही. तेथील मंडळ्यांनी अधिक जागे असावे.

६. पत्र कसे लिहावे?

सलाफहादाच्या मुलींचाच क्रम घ्यावा. आपण कोण, कोणत्या गावचे, कोणत्या मतदारसंघातील मतदार, हे प्रथम. मग विधेयकाचे नाव व साल, आणि कोणत्या कलमाविषयी लिहितो आहोत ते. मग त्या कलमामुळे कोणाला काय भोगावे लागेल, हे डोळ्यांनी पाहिलेल्या एका उदाहरणासह. मग नेमका कोणता बदल हवा ते. एक पान पुरे. भाषा प्रतिनिधीला सहज वाचता येईल ती. छापील मजकुराखाली शंभर सह्या घेण्यापेक्षा दहा जणांनी आपल्या शब्दांत लिहिलेली दहा पत्रे बरी. ऐकीव गोष्ट लिहू नये. खोटी साक्ष न देण्याची आज्ञा अर्जालाही लागू आहे. प्रतिनिधी आपल्या पक्षाचे नसले तरी त्यांना मानाने संबोधावे, आणि त्यांनी उत्तर दिले तर आभाराचे पत्र अवश्य पाठवावे.

दोन गोष्टींची सावधगिरी हवी. व्यासपीठ कोणत्याही पक्षाचे कार्यालय होऊ नये. विधेयकाविषयी बोलावे, उमेदवाराविषयी नको. आणि आपली पत्रे केवळ आपल्या समाजापुरती नसावीत. यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांना ज्या नगरात ते होते त्याचे हित पाहायला सांगितले (यिर्मया २९:७). शेजारच्या वस्तीतील सफाई कामगार, शेतमजूर, विधवा ह्यांच्यावर परिणाम करणारे विधेयक आले तर तेव्हाही आपली लेखणी उचलली जावी. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तोंड उघड, ही मननाच्या वचनातील आज्ञा आहे. तेथे केवळ ख्रिस्ती जनांसाठी असे म्हटलेले नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

मोठ्या मुलांच्या वर्गात पाच मुलींना सलाफहादाच्या मुली करावे व त्यांनी आपले म्हणणे पाच वाक्यांत मांडावे. दुसऱ्या मुलांनी मनश्शेच्या वडिलांची बाजू मांडावी. मग पुढील प्रश्न विचारावेत :

१. मुली वाटणीनंतर आल्या असत्या तर काय झाले असते?
२. मोशेने लगेच उत्तर का दिले नाही?
३. आपल्या मतदारसंघाचे आमदार व खासदार कोण आहेत? त्यांचे कार्यालय कोठे आहे?
४. आपल्या मंडळीत आज कोणाची अडचण कायद्यामुळे आहे? आपण ती कधी विचारली आहे काय?

चौथ्या प्रश्नावर जरा थांबावे. मावशी आता प्रभूजवळ आहेत. त्यांच्यासाठी लिहायचे पत्र आम्ही कधीच लिहिले नाही. पण आपल्या बाकांवर अशी दुसरी कोणी बहीण, दुसरा कोणी भाऊ आज बसलेला असेल. येत्या रविवारी उपासना झाल्यावर त्यांच्याजवळ बसू या, त्यांचे ऐकू या, आणि घरी आल्यावर कागद घेऊ या.