प्रथिनांच्या घड्या आणि बारावीचे गणित

संरचनात्मक जैवमाहितीशास्त्र म्हणजे प्रथिनांसारख्या रेणूंच्या त्रिमितीय रचनेचा संगणकावर केलेला अभ्यास. प्रथिन ही वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी. पेशीत ती ठरावीक रीतीने दुमडते आणि ते प्रथिन काय काम करणार, हे त्या घडीवर ठरते. इन्शुलिनमध्ये अवघी 51 अमिनो आम्ले, तरी त्याची रचना उलगडायला डोरोथी हॉजकिन यांना तीस वर्षांहून अधिक काळ लागला. ती 1969 साली हाती आली.

रचना प्रयोगाने ठरवण्याच्या मुख्य पद्धती तीन: क्ष-किरण स्फटिकशास्त्र, एनएमआर आणि क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकी. स्फटिकावर क्ष-किरण टाकले की रेणूचे चित्र मिळत नाही, नुसते ठिपके मिळतात. चित्र फूरिए रूपांतराच्या गणिताने काढावे लागते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्याही आकाशाचा फोटो घेत नाहीत. त्यांनी टिपलेल्या लहरींतून प्रतिमा तयार होते ती याच गणिताने. फरक इतकाच, की क्ष-किरणांच्या लहरींची कला (फेज) थेट मोजता येत नाही, ती मागाहून शोधावी लागते.

अशा रचनांची जागतिक पेढी, प्रोटीन डेटा बँक, 1971 मध्ये फक्त सात रचनांनी सुरू झाली. आज तिथे दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्या कुणालाही फुकट पाहता येतात. रचना सदोष आहे का, हे तपासताना अजूनही रामचंद्रन आलेख काढतात. साखळीचे कोणते कोन शक्य आहेत, हे जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये मद्रासला दाखवून दिले होते.

प्रयोग झालेला नसेल, तर नातलग प्रथिनाच्या ज्ञात रचनेवरून अंदाज बांधतात. याला होमोलॉजी मॉडेलिंग म्हणतात. दोन साखळ्यांत तीस टक्क्यांहून अधिक साम्य असले, तर अंदाज सहसा कामाचा ठरतो. पुणे विद्यापीठाच्या बायोइन्फर्मेटिक्स सेंटरमधील अशोक कोळसकर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी 1999 मध्ये जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या आवरण-प्रथिनाचे प्रतिमान असेच तयार केले. प्रतिपिंडे त्याच्या पृष्ठभागावर कुठे चिकटतील, हेही त्यांनी त्यावर दाखवले. लसीच्या संशोधनात नेमके हेच हवे असते.

2020 मध्ये अल्फाफोल्ड या संगणक प्रोग्रामने नुसत्या अमिनो-क्रमावरून रचना अचूक सांगून दाखवली आणि 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याच्या निर्मात्यांचा वाटा होता. मग माणसाला काम उरले काय, ही पालकांची शंका रास्त आहे. काम उरले ते पारखण्याचे. अल्फाफोल्ड खात्रीचा भाग निळा रंगवते आणि डळमळीत भाग नारिंगी. तो नारिंगी भाग चुकलेला आहे की त्या प्रथिनाचा तेवढा तुकडा मुळातच सैल असतो, हे ठरवायला रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र लागते. औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसतो का हे पाहणारे डॉकिंग आणि अणूंची हालचाल अनुसरणारे मॉलिक्युलर डायनॅमिक्स यांचेही तसेच. सॉफ्टवेअर उत्तर नेहमीच देते, पण ते खरे असेलच असे नाही.

ही पारख करायला गणितही लागते. म्हणूनच अकरावीला नीटसाठी जीवशास्त्र घेताना गणित सोडण्याचा जुन्नर-आंबेगावात सर्रास दिसणारा निर्णय या वाटेवर महागात पडतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित हे चारही विषय ठेवणे जड जाते, पण फायद्याचे ठरते. बारावीनंतर आयसर या विज्ञानसंस्थांची आयएटी ही प्रवेशपरीक्षा देता येते. पुण्यातली आयसर 2006 पासून आहे. नाहीतर जुन्नर किंवा मंचरला बीएस्सी करून पुणे विद्यापीठाच्या एमएस्सी बायोइन्फर्मेटिक्सची प्रवेशपरीक्षा द्यावी. सोबत पायथन आणि लिनक्स शिकावे.

आवड आहे की नाही, हे आधी घरीच पाहता येते. टोमॅटोची पाने आकसवणाऱ्या लीफ कर्ल विषाणूच्या प्रथिनाचा क्रम युनिप्रॉट या संकेतस्थळावर शोधावा, त्याचे प्रतिमान काढावे आणि कायमेरा-एक्स या सॉफ्टवेअरमध्ये फिरवून पाहावे. साधा लॅपटॉप पुरतो.

नोकरीचे चित्र मात्र स्पष्ट असावे. एमएस्सीनंतर औषध व सॉफ्टवेअर कंपन्यांत विदा-विश्लेषणाची कामे मिळतात. एनसीएल, एनसीसीएस, सी-डॅकसारख्या पुण्यातल्या संस्थांत प्रकल्पापुरत्या जागाही निघतात. स्वतंत्र संशोधनाला पीएचडीच लागते. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली, तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. घरून पैसे पाठवावे लागत नाहीत. पण पदवी हाती येईपर्यंत वयाची तिशी जवळ येते, आणि लग्नाची व कर्जाची गणिते मांडताना घरच्यांनी ती वर्षे धरूनच चालावे.