चेंबरला तोटी बसवण्याआधी

अगं, ईकोचं ऑइल आता घरीच बदलणार म्हणालीस, ते मला मनापासून आवडलं. तुझी गाडी मुलांच्या ने-आणीची. वारजे माळवाडीतून निघायचं, दारोदार थांबायचं, कर्वेनगरच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं. अशा गाडीचे किलोमीटर कमी भरतात, पण इंजिन मात्र तासन् तास चालू असतं. म्हणून नुसत्या मीटरवर जाऊ नकोस. गाडीच्या पुस्तकात जास्त राबणाऱ्या गाडीसाठी ऑइल बदलायची वेगळी, आधीची मुदत दिलेली असते, तीच तुझी मुदत समज.

आता त्या क्विक ड्रेन व्हॉल्व्हबद्दल. तू मागवायला निघालीच आहेस, तर जरा थांब आणि माझं ऐक.

वस्तू चांगली आहे. जपानची फुमोटो कंपनी 1976 पासून असे व्हॉल्व्ह बनवते. लहान विमानांच्या इंजिनांनाही ऑइल काढायला असे व्हॉल्व्ह असतात. ऑइलच्या चेंबरचा ड्रेन नट काढून त्या जागी हा बसवायचा. पाण्याच्या पिंपाला तोटी असते ना, तसंच काम. पितळी अंगात भोक असलेला एक गोळा बसवलेला असतो. दांडी आधी खाचेतून उचलायची आणि मग पाव फेरा फिरवायची, की गोळ्याचं भोक वाटेसमोर येतं आणि ऑइल वाहू लागतं. नुसत्या धक्क्याने दांडी फिरू नये म्हणून ती खाच असते. वर अडकवायला एक क्लिपही मिळते, ती घेच.

पाना न लावता ऑइल निघतं, हे तर झालंच. पण मला त्याहून मोलाचे वाटतात ते चेंबरचे आटे. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल आणि दर वेळी कुणीतरी लांब पान्याने नट आवळत असेल, तर एक दिवस आटे जातातच. मग नवे आटे पाडा, नाहीतर चेंबर बदला. व्हॉल्व्ह एकदा नीट बसला की त्या आट्यांना पुन्हा हात लावावा लागत नाही. शिवाय नट सुटताच गरम ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, तेही वाचतं. काळ्या ऑइलचा सारखा स्पर्श कातडीला वाईट. व्हॉल्व्ह असो वा नसो, हातमोजे घालच.

पण आधी गाडीखाली बघ. खरी मेख तिथेच आहे. नटाच्या जागी व्हॉल्व्ह आला की दोन-अडीच बोटं जास्त बाहेर येतं. गतिरोधकाची उंची इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात 10 सेंटिमीटर आहे, तोही चांगला 3.7 मीटर रुंद, सावकाश चढणारा. आपल्या गल्ल्यांतल्या उंचवट्यांना कुठलं मानक? तुझी गाडी मुलांनी भरलेली असते, मागचं अंग दबलेलं असतं, आणि पावसाळ्यात बायपासच्या सर्व्हिस रोडवर पाण्याखालचा खड्डा दिसतही नाही. म्हणून गाडी सपाट जागी लाव, मोबाइलचा टॉर्च घे आणि वाकून बघ. नट चेंबरच्या बाजूला आहे, की थेट जमिनीकडे तोंड करून? त्याच्यापेक्षा खाली आडवा पत्रा किंवा क्रॉस मेंबर येतो का? येत असेल तर बिनधास्त बसव. नटच सगळ्यात खाली लोंबत असेल, तर तुझ्या मार्गावर हा व्हॉल्व्ह नको. दगड लागून तो तुटला तर सगळं ऑइल रस्त्यावर जाईल. ऑइलचा लाल दिवा लागल्यावर गाडी जराही पुढे दामटलीस, तर इंजिन जाम होईल. तेव्हा गाडी जिथे आहे तिथेच बंद करायची. एवढ्या धोक्यापुढे पाना फिरवायचा त्रास काहीच नाही.

साईज अंदाजाने घेऊ नकोस. 14 मिलिमीटरच्या नटातही आटे सव्वाचे आणि दीडचे असे दोन प्रकार असतात. चुकीचा जोर लावून बसवलास, तर जे वाचवायचं तेच जाईल. स्वस्तातली नक्कल तर नकोच. ज्या तोटीवर अख्खं इंजिन विसंबणार, तिथे पैसे वाचवायचे नाहीत. खाली नळी लावायची निपल असलेला प्रकारही मिळतो. ऑइल थेट कॅनमध्ये जातं हे छान, पण तो आणखी खाली येतो. तुला साधाच बरा. गाडी वॉरंटीत असेल तर ती संपेपर्यंत थांब. काढलेला नट आणि नवं वायसर डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेव.

ऑइल काढताना इंजिन कोमट हवं, नुकतं बंद केलेलं कढत नको. वरचं झाकण उघडं ठेव, म्हणजे धार अडखळत नाही. व्हॉल्व्हचं भोक लहान असतं, त्यामुळे नटापेक्षा वेळ जास्त लागतो. थोडं ऑइल तळाशी राहतंही, कारण आट्याची कड आत जरा वर आलेली असते. त्याची काळजी करू नकोस. मात्र फिल्टर दर वेळी बदल, तिथे हा व्हॉल्व्ह काही मदत करत नाही. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. घोड्या लावल्याशिवाय नाही, चाकांना ओट लावल्याशिवाय नाही, आणि उतारावरच्या पार्किंगमध्ये तर मुळीच नाही. तुझ्यासाठी हे मी शंभरदा सांगेन.

निघालेलं ऑइल गटारात ओतू नकोस. इथून मुठा नदी कितीशी लांब आहे! सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला कुणी मागेल, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून कुणी मागेल, त्यांनाही देऊ नकोस. 2016 च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे आणि तो परवाना असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवा. रिकाम्या झालेल्या नव्या ऑइलच्या डब्यातच ते भर, झाकण घट्ट लाव आणि जे गॅरेज आपलं पिंप अशा परवानाधारकाला देतं तिथे नेऊन दे. आधी विचार, मगच डबा सोपव.

रविवारी मुलांची फेरी नसते, तेव्हा गाडीखालचा एक फोटो काढून मला पाठव. नटाशेजारी पट्टी धर, म्हणजे खाली किती जागा उरते ते कळेल. तोपर्यंत ऑर्डर करू नकोस.