वरचा कान टोचण्याआधी

शाहपुरा, भोपाळ
२८ मे

चि. सई,


सुट्टीत इकडे आलीस की बुगडीच्या जागी कान टोचून घ्यायचाय आणि सोबत मी यायचं, हे ताईने फोनवर सांगितलं. येईन मी. नाही म्हणायचं काही कारणच नाही. तुझ्या पणजीच्या फोटोत दोन्ही कानांच्या वरच्या कडेला बुगड्या आहेत, आणि आपल्याकडचे पुरुषही तिथेच भिकबाळी घालत आले. पण त्याआधी हे पत्र सावकाश वाच.

गेल्या वर्षी पाळीचं दुसरं भोक पिकलं होतं. मिठाच्या पाण्याने आणि डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने ते आठवड्यात बसलं. तेव्हापासून तू म्हणतेस, पिकलं तर पिकलं, बरं होतं. पाळीपुरतं ते बरंचसं खरं आहे. वरच्या कानाला मात्र ते लावू नकोस. त्यासाठीच हे लिहायला बसले.

पाळी मऊ असते, तिच्यात रक्त भरपूर खेळतं, म्हणून जखम सहा ते आठ आठवड्यांत भरते. वरचा भाग कूर्चेचा. चिमटीत धरून बघ, कडक लागेल. या कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर एक पातळ आवरण घट्ट बसलेलं असतं आणि तिचं सगळं पोषण त्यातून होतं. जखमेत जंतू शिरले आणि आवरण व कूर्चा यांच्यामध्ये पू साठला, की आवरण सुटतं आणि कूर्चा उपाशी मरायला लागते. औषधही रक्तातूनच पोचायचं असल्यामुळे तेही तिथे पुरेसं जात नाही. एकदा विरघळलेली कूर्चा परत येत नाही. कान आक्रसतो, चुरगळल्यासारखा होतो, आणि तो पुन्हा घडवायचा तर बरगडीची कूर्चा काढून शस्त्रक्रिया करावी लागते. एवढ्याशा खड्यासाठी हे व्हावं, हे मला सहन होणार नाही.

२००० साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात असंच झालं. दागिन्यांच्या एका छोट्या स्टॉलवर वरचा कान टोचून घेतलेल्यांपैकी सात जणांना ‘स्यूडोमोनास’ नावाच्या जंतूची लागण झाल्याचं तपासणीत सिद्ध झालं. त्यांतली बहुतेक मुलं तुझ्याच वयाच्या आसपासची होती. शोध घेतल्यावर जंतू सापडला तो जंतुनाशकाच्या फवाऱ्याच्या बाटलीत! बहुतेकांना आधी जी प्रतिजैविकं दिली गेली, ती या जंतूवर चालणारी नव्हती. काहींना इस्पितळात ठेवावं लागलं, पू काढायला चिरा द्यावा लागला, काहींचे कान कायमचे बिघडले. स्यूडोमोनास पाण्यात, ओलाव्यात वाढतो आणि नेहमीच्या पुष्कळशा गोळ्यांना दाद देत नाही. म्हणून मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या घ्यायच्या नाहीत. आणि डॉक्टरांकडे गेलीस की पहिलं वाक्य हेच, की वरचा कान अमुक दिवशी टोचला आहे. ते कळलं तरच ते नेमकं औषध निवडतील.

कुठे टोचायचं, यावर मी ठाम आहे. बाजारात बंदुकीने टोचतात तिथे नाही. ती बंदूक स्प्रिंगच्या जोराने बोथट खडा आत रेटते, त्याने कूर्चा चेपते, तडकू शकते. शिवाय प्लॅस्टिकची बंदूक वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाही. चौकातल्या सराफाकडे बाळाची पाळी टोचून सोन्याची तार घालतात, ते हात सरावलेले असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वरच्या कडेसाठी आपण कान-नाक-घसा तज्ज्ञांकडेच जाऊ. सुई पोकळ, एकदाच वापरायची, पाकीट आपल्यासमोर फोडलेलं. सुश्रुतानेसुद्धा सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कान टोचायचा विधी सांगताना उन्हात कान धरून नैसर्गिक छिद्राची जागा आधी बघायला सांगितली आहे. फार रक्त आलं, फार दुखलं, तर जागा चुकली असं समजावं, हेही त्याने लिहून ठेवलंय. तो बोलतोय पाळीबद्दल, तरी केवढी काळजी!

त्यानंतरचे दिवस लांब असतात. वरचा कान पूर्ण भरायला सहा महिने ते वर्ष लागू शकतं, बाहेरून बरा दिसला तरी. दिवसातून दोनदा, हात साबणाने धुऊन, नॉर्मल सलाइनने पुसायचं. ते नसेल तर उकळून कोमट केलेल्या पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ. बस. हळद-तेल नको, डेटॉल नको, स्पिरिट नको, त्यांनी नवी कातडीच जळते. आतला दागिना फिरवत बसायचं नाही, फिरकी करकचून आवळायची नाही. त्या कुशीवर झोपायचं नाही. ओढणी आणि कंगवा सांभाळ. तू स्कूटी चालवतेस, हेल्मेट तर हवंच, आणि ते नेमकं त्याच कडेवर घासतं. म्हणून पहिले काही आठवडे बसने जा. पोहणं बंद. इथे आलीस की तुला तलावाकाठी फिरायला आवडतं, ते खुशाल फीर, पण त्या पाण्याचा हात कानाला लागता कामा नये. शाहपुऱ्याच्या तलावात वस्त्यांचं सांडपाणी येतं.

पहिले दोन-चार दिवस थोडं लाल, थोडं दुखरं, पांढुरकी खपली, हे चालतं. नुसती खाज आणि कोरडे चट्टे असतील तर बहुधा निकेलचा त्रास, धातू बदलावा लागेल. पण दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागलं, वरचा कान गरम, लाल, सुजलेला आणि खाली पाळी मात्र साधी राहिली, तर ते आवरणापर्यंत गेलंय असं समज आणि त्याच दिवशी दाखव. पू दिसायची वाट बघू नकोस, तापाची तर नाहीच. परीक्षा असली तरी जा. दागिना स्वतः उपटून काढायचा नाही, भोक मिटून पू आत कोंडतो. काढायचा की ठेवायचा ते डॉक्टर ठरवतील. इथे असलीस तर साकेतनगरचं एम्स आपल्याला जवळ आहे, नागपुरात असलीस तर तुझ्या कॉलेजजवळचे कान-नाक-घसा तज्ज्ञ आत्ताच शोधून ठेव.

आणखी एक, जे ताई तुला सांगायची नाही. तिच्या दंडावर लसीच्या जागी जी जाड गाठ आहे, तिला केलॉइड म्हणतात. ही प्रवृत्ती घराण्यात उतरते आणि कानावरही गाठी येतात. टोचायच्या आधी डॉक्टरांना हे सांगायचंच. ते नको म्हणाले तर आपण बिनटोचायची दाबाची बुगडी घेऊ. हल्ली फार सुंदर मिळतात, आणि ती माझ्याकडून.

सोळाव्या वर्षी धनुर्वाताची लस घेतली होतीस का, ते ताईला विचार आणि लसीकरणाचं कार्ड बॅगेत टाक. गाडीचं तिकीट निघालं की कळव, म्हणजे त्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवते.

तुझी,
मावशी