दारावरचा कॅमेरा आणि दुकानातली वर्दळ



कापडाच्या दुकानात कॅमेरा येतो तो चोरीच्या धास्तीने. एक गल्ल्यावर, एक दारावर, दोन-तीन रॅकच्या रांगांवर आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेला, चित्रण साठवणारा डीव्हीआरचा डबा. साडी हरवली किंवा रात्रीचा हिशोब जुळला नाही, तरच जुने चित्रण काढून बघितले जाते. हेच चित्रण गिऱ्हाइकांची वर्दळ समजून घ्यायलाही वापरता येते. हल्ली कॅमेरे बसवून देणारे लोक ‘फूटफॉल’ (म्हणजे येणाऱ्यांची मोजणी) आणि ‘हीट मॅप’ सोबत देऊ करतात, कधी फुकटही. त्या आकड्यांवर विसंबून दुकानाची मांडणी हलवण्याआधी ते आकडे नेमके कशाचे आहेत, एवढे तरी नव्या दुकानदाराने पाहून घ्यावे.

वर्दळ निरखण्याची ही विद्या सॉफ्टवेअरपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे रोखून माणसे कुठे बसतात, कुठे घुटमळतात, कुठून वाट काढतात याचे चित्रण केले आणि त्यावर १९८० साली पुस्तक लिहिले. त्यांच्या कामातून धडा घेऊन पॅको अंडरहिल यांनी हीच नजर दुकानांकडे वळवली. त्यांचे ‘व्हाय वुई बाय’ हे पुस्तक १९९९ चे. त्यातला टायच्या रॅकचा किस्सा फार गाजला. न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्स दुकानात दाराजवळच्या वाटेवर टायचा रॅक होता. लोक तिथे थांबत, पण मागून जाणाऱ्याचा एक-दोनदा धक्का लागला की टाय तसाच सोडून निघून जात. रॅक वाटेतून बाजूला घेतल्यावर विक्री वाढली. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की अंडरहिल यांच्या मंडळींचा भरवसा नुसत्या कॅमेऱ्यावर नव्हता. हातात कागद घेऊन गिऱ्हाइकाच्या मागे अंतर राखून फिरणारी माणसेही त्यांच्याकडे होती.

पहिला आकडा दारावरचा. त्यासाठी कॅमेरा दाराच्या आत, बरोबर डोक्यावर, सरळ खाली बघणारा हवा. सॉफ्टवेअरमध्ये जमिनीवर एक रेघ आखलेली असते; ती ओलांडून आत आलेला एक, बाहेर गेलेला एक. चोरीसाठी बसवलेला कॅमेरा तिरका असतो, कारण त्याला चेहरा टिपायचा असतो. मोजणीला तो कुचकामी, कारण उंच माणसाच्या मागून येणारी बाई किंवा पोर त्याला दिसतच नाही आणि गर्दीत दोघांचा एक होतो. म्हणजे ज्या वेळी मोजणी सर्वांत महत्त्वाची, नेमकी त्याच वेळी ती कमी भरते.

म्हणून यंत्राचा आकडा मान्य करण्याआधी तो हाताने पडताळावा. एक मंगळवारची दुपार आणि एक रविवारची संध्याकाळ, तास-तासभर दाराशी स्टूल टाकून बसावे आणि वहीत चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी मारत मोजावे. शंभरात चार-पाचांचा फरक चालवून घेता येतो. फरक नेहमी एकाच बाजूला आणि सारखाच पडत असेल तर त्याहून जास्तही चालेल, कारण तुलना तरी खरी राहते. पण दुपारी बरोबर आणि संध्याकाळी निम्मा असा आकडा मुळीच कामाचा नाही. या बैठकीत यंत्राच्या गमतीही उघड होतात. सेल्समन चहाला बाहेर गेला आणि आला की एक गिऱ्हाईक वाढते. दिवसातून सहा माणसे चार वेळा ये-जा करतात म्हणजे चोवीस खोटी गिऱ्हाइके तर घरचीच. दाराजवळचा शालू नेसवलेला पुतळा यंत्राला माणूस वाटू शकतो, तोही सकाळी दहा ते रात्री नऊ जागचा न हलणारा, फारच चोखंदळ. मोठ्या आरशातली प्रतिमाही कधी कधी मोजली जाते.

दुसरा आकडा दारावरचा आणि गल्ल्यावरचा जोडून मिळतो. आलेल्यांपैकी किती जणांनी घेतले, म्हणजे बिलांची संख्या भागिले येणाऱ्यांची संख्या. पाश्चात्त्य पुस्तकांतले हे गणित आपल्याकडच्या कापडदुकानात जसेच्या तसे लावले की फसते. लग्नाचा बस्ता बांधायला नवरी, तिची आई, दोन माम्या, आत्या, सून, धाकटा भाऊ आणि पिशव्या धरायला काका अशी आठ-नऊ माणसे येतात आणि बिल होते एक. यंत्राच्या हिशोबी हे नऊ जणांत एक, म्हणजे वाईट दिवस. दुकानदाराच्या हिशोबी मात्र तोच दिवस सोन्याचा. म्हणून मोजणी डोक्यांची नको, जथ्यांची हवी. काही सॉफ्टवेअर एकत्र आत आलेल्यांचा एक गट धरते. तुमचे तसे करत नसेल तर हाताने मोजताना गट आणि डोकी दोन्ही टिपावीत आणि त्या प्रमाणाने यंत्राचा आकडा सुधारून घ्यावा. लग्नसराईतले प्रमाण वेगळे, श्रावणातले वेगळे.

हा आकडा दिवसाचा काढून फारसे काही हाती लागत नाही. तासाचा काढला की दुकान बोलू लागते. समजा, बुधवारी अकरा ते बारा या वेळात वीस गट आले आणि नऊ बिले झाली, तर प्रमाण पंचेचाळीस टक्के. रविवारी सहा ते सातमध्ये ऐंशी गट आले आणि वीस बिले झाली, तर पंचवीस टक्के. गल्ल्यावर बसलेला मालक रविवारच्या वीस बिलांवर खूश असतो, कारण परतलेले साठ गट गल्ल्याला दिसत नाहीत. त्यांतले बरेच नुसते बघायला आलेले असणार, हे खरे. पण बुधवारच्याच प्रमाणात बिले झाली असती तर ती छत्तीस भरतात. मधल्या सोळांतले निम्मे जरी ‘कोणी दाखवायलाच नव्हते’ म्हणून गेले असतील, तर दोष मालाचा नाही, माणसांच्या पाळीचा आहे. साप्ताहिक सुट्टी आणि जेवणाच्या वेळा लावताना नेमका हा तक्ता समोर हवा. कॅमेऱ्याचा एवढा एकच उपयोग केला तरी त्याचे पैसे वसूल होतात.

आत एका वेळी किती माणसे असतात, याला वेगळे यंत्र लागत नाही. अमेरिकी गणिती जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम पुरतो: तासाला येणारे गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ. तासाला साठ माणसे येऊन प्रत्येक जण वीस मिनिटे थांबत असेल, तर आत साधारण वीस माणसे असतात. शालू बघणारे थांबतात तास-दीड तास, रुमाल घेणारा पाच मिनिटे. त्यामुळे तेवढ्याच वर्दळीत शालूंच्या गादीवर बैठक अपुरी पडते आणि रुमालांचा काउंटर ओस दिसतो.

आकड्यांची तुलना करताना इंग्रजी तारखेला तारीख लावणे ही नवख्यांची नेहमीची चूक. २०२३ साली अधिक श्रावण आला, म्हणून लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला पडले. २०२५ मध्ये ते २१ ऑक्टोबरला होते. मधे तीन आठवड्यांचा फरक. सॉफ्टवेअरने ‘गेल्या ऑक्टोबरच्या तुलनेत’ म्हणून दाखवलेला हिरवा किंवा लाल बाण अशा वेळी निव्वळ पंचांग दाखवत असतो. पितृपंधरवड्याची तुलना पितृपंधरवड्याशीच करावी.

आता हीट मॅप. दुकानाच्या नकाशावर माणसे जिथे जास्त वेळ उभी राहिली तिथे लाल, जिथे फिरकली नाहीत तिथे निळे. चित्र देखणे असते आणि म्हणूनच फसवे. लाल ठिपका म्हणजे आवड, असे मालक धरून चालतो. प्रत्यक्षात तो ट्रायल रूमबाहेरची रांग असू शकतो, एसीचा झोत असू शकतो, बायको साड्या बघेपर्यंत खांबाला टेकून मोबाइल बघणारा नवरा असू शकतो किंवा सेल्समनची नेहमीची उभे राहायची जागा असू शकते. प्रत्येक लाल ठिपक्याजवळ स्वतः जाऊन अर्धा तास उभे राहावे. निळ्या जागेचे कारण तर बहुतेक वेळा पायाशीच सापडते: उंबऱ्याएवढी एखादी पायरी, मिणमिणता दिवा, नाहीतर वाटेत ठेवलेले खोके. खांबाला टेकलेल्या नवऱ्याला खुर्ची द्यावी. सोबतचा माणूस अवघडला की बाईचे बघणे आखडते.

तिकडचे निष्कर्ष इकडे आणताना बिग बाजारचे उदाहरण आठवावे. २००१ साली किशोर बियाणी यांनी ही दुकाने सुरू केली. रुंद, मोकळ्या वाटांची परदेशी धर्तीची मांडणी केली तर लोक न थांबता सरळ चालत बाहेर पडतात, असे त्यांना दिसले. मग वाटा अरुंद केल्या, वाकवल्या, मधे माल भरलेले हौद ठेवले आणि बाजाराचा गलबला मुद्दाम आत आणला. गिऱ्हाईक थांबू लागले. टायच्या रॅकपाशी धक्क्याने गिऱ्हाईक पळाले, इथे दाटीने थांबले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पैठणी बघणारीला धक्का सोसत नाही. उतरलेल्या भावाचे टॉवेल निवडणारीला आजूबाजूला चार जणी हात घालत असल्या की हुरूप येतो. एकाच दुकानाच्या दोन टोकांना दोन नियम लागू होऊ शकतात.

मांडणी बदलायचीच तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निदान तीन आठवडे तशीच ठेवावी. आधीचे तीन आठवडे नुसते मोजण्यात गेलेले असावेत. शेजारी एक साधी वही ठेवावी आणि कॅमेऱ्याला न दिसणारे तिच्यात रोज लिहावे: दुपारी जोराचा पाऊस, समोरचा रस्ता खोदलेला, शेजारच्या दुकानात सेल, दोन सेल्समन रजेवर. ही वही नसेल तर सहा महिन्यांनी आलेखातल्या खड्ड्याचे कारण कोणालाच सांगता येत नाही आणि मग मालक आपल्याला सोयीचे कारण धरून बसतो.

नोकरांबद्दल एक सावध सूचना. वर्दळीसाठी बसवलेला कॅमेरा नोकरांवर पाळत ठेवायला वापरण्याचा मोह लवकर होतो. मालक घरी बसून मोबाइलवर बघतो आणि ‘रमेश मोबाइल का बघतोय’ म्हणून फोन करतो. अशा दुकानात सेल्समन गिऱ्हाइकाकडे कमी आणि छताकडे जास्त बघू लागतात. आकडे त्यांनाही दाखवावेत. रविवारच्या परतलेल्या गटांचे खरे कारण त्यांनाच ठाऊक असते.

सर्वांत जास्त जपायची गोष्ट म्हणजे चेहरा. माणसे मोजायला चेहरा लागत नाही, तरी विकणारा ‘वय, स्त्री-पुरुष, पुन्हा आलेले गिऱ्हाईक ओळखणे’ हे सगळे पुढे करतो. कॅनडात कॅडिलॅक फेअरव्ह्यू कंपनीने आपल्या मॉलमधल्या नकाशा दाखवणाऱ्या पडद्यांत लपवलेल्या कॅमेऱ्यांनी लोकांच्या नकळत ५० लाख चेहऱ्यांचे पृथक्करण केले, असे तिथल्या गोपनीयता आयुक्तांनी २०२० मध्ये उघड केले. अमेरिकेत राइट एड या औषध दुकानांच्या साखळीने चेहरा ओळखून चोर पकडायचा प्रयत्न केला. निरपराध गिऱ्हाइकांवर आळ येऊ लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये व्यापार आयोगाने पाच वर्षांसाठी ते तंत्र वापरायला बंदी केली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. कापडाच्या दुकानात आईचे बोट धरून आलेले पोर रोजचेच. तेव्हा चेहरा ओळखण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करावी आणि ती बंद असल्याचे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

ट्रायल रूमच्या दिशेने कॅमेऱ्याचा कोनही जाता कामा नये. २०१५ साली गोव्यात कांदोळीच्या एका दुकानात तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांना कॅमेरा ट्रायल रूमकडे रोखलेला दिसला आणि प्रकरण पोलिसांत गेले. बाईच्या खासगी क्षणाचे चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. दर महिन्याला प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर आणून तो हललेला नाही ना, हे मालकाने स्वतः पाहावे. रंगारी किंवा वायरमन येऊन गेल्यावर तर लगेच.

राहिला तो डीव्हीआरचा डबा. बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड बहुधा ‘अ‍ॅडमिन’ आणि एक-दोन-तीन-चार असतो. असेच पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या व्हायरसने अमेरिकेत मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली होती. पासवर्ड बदलून तो कागदावर लिहावा आणि कागद तिजोरीत ठेवावा. चित्रण महिन्याभराने आपोआप पुसले जाईल असे लावून घ्यावे. मोजणीचे आकडे मात्र वर्षानुवर्षे ठेवावेत, त्यांत कोणाचा चेहरा नसतो. कॅमेरे आहेत, ते चोरी रोखण्यासाठी आणि गर्दी मोजण्यासाठी आहेत, चेहरे ओळखले जात नाहीत आणि विचारायचे असल्यास कोणाला विचारावे, एवढे ठळक मराठीत लिहिलेली पाटी लावावी. ती आत गल्ल्यामागे गणपतीच्या तसबिरीशेजारी नको. दाराबाहेर, आत येणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर हवी.

— नानाकाका