दप्तर उघडले, वाचणार कोण?

‘दप्तर’ हा शब्द ऐकताच तुमच्या डोळ्यांपुढे पुस्तकांनी फुगलेली पिशवी उभी राहील. तुमच्या आजोबांना मात्र त्याच शब्दाने सरकारी कचेरी आठवते : फडक्यात बांधलेली कागदांची गाठोडी, धुळीने माखलेली कपाटे आणि ‘उद्या या’ हे ठराविक उत्तर. आज हे दप्तर संगणकात गेले आहे. आपल्या गोव्यात एक-चौदाचा उतारा घरबसल्या पाहता येतो. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु सोय आणि सहभाग या दोन भिन्न गोष्टी आहेत. दाखला लवकर मिळाला म्हणजे नागरिक राज्यकारभारात सहभागी झाला, असे नव्हे. मग सहभाग कशाला म्हणावे? याचे उत्तर राजस्थानातील मजुरांनी दिले आहे.

राजस्थानातील देवडुंगरी या खेड्यात १ मे १९९० रोजी ‘मजदूर किसान शक्ति संगठन’ ही संघटना स्थापन झाली. श्रीमती अरुणा रॉय, श्री. निखिल डे आणि श्री. शंकर सिंह हे तिचे संस्थापक. सरकारी कामांवर राबणाऱ्या मजुरांना ठरलेली मजुरी पुरती मिळत नसे. हजेरीपट दाखवा म्हटले, की ‘ते गुप्त आहेत’ असे सांगण्यात येई. तेव्हा २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे ‘जनसुनवाई’ भरली. प्रयासाने मिळवलेल्या नकला गावासमोर मोठ्याने वाचण्यात आल्या. कामावर कधी न गेलेल्यांची नावे पटावर आहेत, कागदावर झालेले काम जागेवर नाही, असे गावकरीच उठून सांगू लागले. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनीच हिशेबातील खोटे ओळखले!

पुढे १९९६ साली ब्यावर शहरात ४० दिवस धरणे धरण्यात आले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्या चळवळीची घोषणा. माहितीच्या हक्काचा कायदा गोव्याने १९९७ साली आणि राजस्थानने २००० साली केला. त्यानंतर १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम अंमलात आला. अर्ज करणाऱ्याला सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे, हा नियम सर्वश्रुत आहे. परंतु याच अधिनियमाचे चौथे कलम अधिक महत्त्वाचे आहे. कार्यालयांनी योग्य ती दप्तरे संगणकावर आणावीत आणि कोणी मागण्यापूर्वीच माहिती आपण होऊन प्रकट करावी, असे ते सांगते.

याच विचारातून राजस्थान सरकारने १३ सप्टेंबर २०१९ रोजी ‘जनसूचना पोर्टल’ सुरू केले. आपल्या ग्रामपंचायतीचे नाव निवडले, की रेशनचे धान्य कोणी किती उचलले, निवृत्तिवेतन कोणाला मिळते, हे अर्जाविना पाहता येऊ लागले. ध्यानात ठेवा : प्रश्न आधी आला, यंत्र मागाहून आले.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. माझ्या शेजारी एक वृद्ध मावशी राहतात. आयुष्यभराच्या कष्टांनी त्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत. एका कार्यालयात त्यांचा अंगठा यंत्राने स्वीकारला नाही. ‘यंत्र घेत नाही, त्याला मी काय करणार?’ असे म्हणून कारकुनाने हात झटकले. मावशी तीन वेळा रिकाम्या हाताने परतल्या. शेवटी आमच्या नववीतील एका विद्यार्थिनीने त्यांच्या वतीने साधा अर्ज लिहिला : कोणत्या नियमाने काम अडले, आणि दुसरा कोणता मार्ग आहे, हे लेखी कळवावे. आठवड्याभरात दुसरा मार्ग सापडला! यंत्र तेच होते, नियमही तेच होते. फक्त विचारणारे कोणी तरी पुढे आले.

कारकुनाला जाब विचारता येतो, यंत्राला विचारता येत नाही. म्हणूनच यंत्रामागच्या माणसाला विचारण्याची सवय सोडता कामा नये. शिवाय कोटकिरान्यात कागद मोठ्याने वाचला गेला, म्हणून निरक्षरालाही तो कळला. पडद्यावरचे अक्षर आपण होऊन बोलत नाही. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या लेखी उघडे दप्तरही बंदच राहते.

तेव्हा येत्या सुटीत एक काम करा. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा, त्यांच्या जमिनीचा अथवा रेशनचा सरकारी तपशील उघडा आणि सावकाश वाचून दाखवा. चूक आढळली तर अर्ज लिहा आणि त्याची पोच जपून ठेवा. गावाच्या खर्चाविषयी शंका असेल, तर ग्रामसभेला जाणाऱ्या आईवडिलांच्या हाती तो प्रश्न लिहून द्या. नागरिकशास्त्राचा हा धडा पुस्तकात वाचून पुरा होत नाही.