पाठीतून नळी घालताना: मूत्रपिंडामागचे आतडे

खडा, गाठ किंवा आकुंचन यांमुळे मूत्रवाहिनी बंद झाली की मूत्रपिंडात लघवी तुंबते. त्यात पू झाला तर जंतुसंसर्ग रक्तात पसरायला काही तास पुरतात. अशा वेळी पाठीतून सुई घालून मूत्रपिंडात नळी बसवतात. या नेफ्रोस्टॉमीचे वर्णन विलार्ड गुडविन व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. जीव वाचवणारी ही प्रक्रिया घाईत केली जाते आणि धोका नेमका तिथेच असतो.

रुग्णाला सहसा पालथे झोपवून सुई मागून, थोडी बाहेरच्या बाजूने, खालच्या भागातल्या मागच्या कॅलिक्समध्ये (लघवी गोळा करणाऱ्या पेल्यासारख्या कप्प्यात) नेतात. या वाटेवर मोठ्या रक्तवाहिन्या कमी असतात. थेट मूत्रपिंडाच्या मध्यभागातल्या पिशवीत सुई घातली तर रक्तस्राव आणि गळतीची शक्यता वाढते. अकराव्या-बाराव्या बरगडीच्या वरून गेल्यास फुप्फुसाचे आवरण वाटेत येते. प्लीहा किंवा यकृत वाढलेले असेल तर तेही.

सर्वांत फसवे मोठे आतडे. पुस्तकातल्या चित्रात ते मूत्रपिंडाच्या पुढे आणि बाजूला असते, पण काहींमध्ये मागे सरकलेले असते. सीटी स्कॅनच्या एका पाहणीत उताण्या रुग्णांमध्ये असे सुमारे २ टक्के, तर पालथ्या रुग्णांमध्ये सुमारे १० टक्के आढळले. पालथे झोपल्यावर पोट दाबले जाते आणि आतडे मागे ढकलले जाते. म्हणून उताण्या अवस्थेतला स्कॅन निर्धोक दिसला तरी पालथ्या रुग्णात तो पुरेसा पुरावा ठरत नाही. कृश प्रकृती, डावी बाजू आणि मूत्रपिंडाचा खालचा भाग या बाबतींत विशेष सावध राहावे लागते. नालाकृती (खालच्या टोकाला एकमेकांशी जोडलेल्या) मूत्रपिंडातही आतडे मागे असण्याची शक्यता जास्त असते. शिवाय तिथे कॅलिक्स मागे आणि मध्याकडे वळलेले असल्याने सुईची जागाच बदलते.

खरा बचाव एकच: सुई घालण्यापूर्वी त्याच रुग्णाची, त्याच अवस्थेतली वाट डोळ्यांनी पाहणे. सोनोग्राफीत वाटेवर चमकदार, मागे सावली टाकणारी हवा दिसली तर ते आतडेच समजावे. शंका उरली तर सीटीच्या मदतीने नळी घालावी. सुई फार बाहेरच्या बाजूने नेऊ नये.

इजा लगेच कळतेच असे नाही. नळीतून हवा किंवा मळ येणे, शौचातून रक्त पडणे, न उतरणारा ताप या खुणा आहेत. नळीतून सोडलेले रंगद्रव्य आतड्यात दिसले की निदान पक्के होते. अशा वेळी घाबरून नळी उपसू नये. इजा पोटाच्या पडद्याबाहेर मर्यादित असेल तर नळी आतड्यात मागे ओढून ठेवतात, मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट (लघवी वाहती ठेवणारी आतली नळी) घालतात आणि प्रतिजैविके देतात. यावर बहुतेक रुग्ण बरे होतात. पोट कडक झाले किंवा रुग्णाची प्रकृती ढासळू लागली, तर मात्र शस्त्रक्रिया लांबवू नये.